ट्रॅक्टर अंगणात का दुरुस्त होतो?

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला आणि उन्हाची तलखी वाढली की कराड, वाळवा, पलूस, कडेगाव या तालुक्यांतील वस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. लिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत वीस-तीस, कधी चाळीस वर्षांचाही जुना ट्रॅक्टर उभा असतो. त्याचे बॉनेट उतरवलेले असते. शेजारी रिकाम्या पोत्यावर नटबोल्ट ओळीने मांडलेले असतात, एका घमेल्यात डिझेलने धुतलेले भाग निथळत असतात. घरचा मालक, त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि जवळच्या गावचा एखादा मिस्त्री असे तिघे मिळून पाऊस पडायच्या आत तो पुन्हा उभा करतात.

दृश्य इतके ओळखीचे आहे की त्यात काही विचारण्यासारखे आहे असे आपल्या मनातही येत नाही. पण एक प्रश्न विचारून पाहू या. दोन टन वजनाचे, परदेशात आखलेले, हजारो भागांचे हे यंत्र खेड्यातल्या अंगणात, झाडाला बांधलेल्या साखळीच्या आणि दहा-वीस पान्यांच्या बळावर दुरुस्त होते तरी कसे? आपल्या घरातला बिघडलेला दूरदर्शन संच किंवा मोबाइल असा उघडून बसण्याची आपली हिंमत होत नाही.

‘आपला शेतकरी मोठा हिकमती’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हिकमत चालायला यंत्रही तसे असावे लागते. आमच्या मते त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. यंत्राचे भाग सुटे होणारे आणि बदलता येणारे हवेत. त्या भागांची मापे सगळीकडे सारखी हवीत. आणि यंत्राचे आतले वागणे समजणारा माणूस हाकेच्या अंतरावर हवा. या तिन्ही गोष्टी आपोआप आलेल्या नाहीत. त्या प्रत्येकीला इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा भाग कृष्णाकाठी घडलेला आहे.

बलुत्यातली दुरुस्ती

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा इथला नांगर लाकडाचा होता. बाभळीच्या लाकडातून तो सुतार घडवी आणि त्याला लोखंडी फाळ बसवी तो लोहार. विहिरीवरची मोट कातड्याची. ती शिवणारा आणि सांधणारा चांभार. ही सारी मंडळी गावचे बलुतेदार. शेतकरी त्यांना प्रत्येक कामाचे वेगळे पैसे देत नसे. सुगीत खळ्यावर ठरलेला धान्याचा वाटा देई, आणि त्या बदल्यात वर्षभर अवजारे चालू ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या पुस्तकात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर बलुते हा बऱ्याच अंशी दुरुस्तीचा वार्षिक करारच होता. मात्र हा करार जातीने बांधलेला होता. तो मोडण्याची मुभा कारागिराला नव्हती आणि वाटा ठरवताना त्याचा शब्द वरचढ नसे, हेही विसरून चालणार नाही.

तंत्राच्या बाजूने पाहिले तर या व्यवस्थेचा एक गुण होता. अवजार आणि ते दुरुस्त करणारा एकाच गावात होते. फाळ बोथट झाला की लोहार तो भट्टीत तांबडा करी आणि ऐरणीवर ठोकून पुन्हा टोकदार करी. घडीव लोखंडात कार्बन फार थोडा असतो, म्हणून ते तापले की मऊ पडते आणि ठोकले की वाकते, तुटत नाही. लोहाराच्या साऱ्या विद्येचा पाया लोखंडाच्या या एका गुणधर्मावर होता. तोट्याची बाजू अशी की कोणतेही दोन फाळ सारखे नसत. एका नांगराचा फाळ दुसऱ्याला बसेलच असे नाही. प्रत्येक वस्तू एकमेव आणि प्रत्येक दुरुस्ती नव्याने केलेली.

सुटा भाग म्हणजे काय?

नांगराचा भाग शेतातच बदलता यावा ही कल्पना इंग्लंडमध्ये पुढे आणली ती इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने. १८०३ साली त्याने ओतीव लोखंडाचा असा फाळ केला, की ज्याची खालची बाजू ओततानाच झटकन थंड करून अतिशय कठीण केलेली असे. वरची मऊ बाजू लवकर झिजे, खालची कठीण बाजू टिके, आणि त्यामुळे फाळाची धार चालता चालता आपोआप लागत राही. १८०८ साली त्याने नांगराचा सांगाडाच असा केला, की झिजलेला भाग काढून दुसरा तिथल्या तिथे बसवता यावा. आज ‘स्पेअर पार्ट’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्यामागे ही कल्पना आहे: दुरुस्ती म्हणजे जुना भाग पुन्हा घडवणे नव्हे, तर तसाच दुसरा भाग त्याच्या जागी बसवणे.

ही कल्पना आपल्या भागात रुजवण्याचे मोठे श्रेय लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांकडे जाते. १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणरावांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याचे काम केले, बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगराकडे मोर्चा वळवला. शेतकरी सुरुवातीला तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाचा माळ दिला. १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला. कराडहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की शेणोली, भवानीनगर, ताकारी ही स्थानके मागे पडतात आणि किर्लोस्करवाडी येते. तेच हे ठिकाण.

जमीन विषारी होण्याची भीती निराधार होती. पण शेतकऱ्याच्या नाखुशीमागे आणखी एक कारण असणार, असे आम्हांला वाटते, आणि ते मुळीच अडाणीपणाचे नव्हते. ओतीव लोखंडात कार्बनचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक असते. त्यामुळे ते कठीण असते पण ठिसूळही असते. ते तापवून ठोकायला जावे तर त्याचे तुकडे होतात. म्हणजेच हा नवा नांगर मोडला तर गावच्या लोहाराला तो नीट करता येणार नव्हता. ज्याची दुरुस्ती गावात होत नाही ते अवजार घ्यायचे की नाही, असा हा प्रश्न होता आणि तो रास्तच होता.

त्याचे उत्तर एकाच मार्गाने देता येत होते. सुटे भाग एकाच साच्यातून काढायचे आणि ते शेतकऱ्याच्या जवळच्या बाजारपेठेत मिळतील अशी तजवीज करायची. एका साच्यातले शंभर फाळ सारखे निघतात. बोल्टाची भोके एकाच जागी येतात. मग लोहाराच्या भट्टीची जागा शेतकऱ्याच्या हातातला पाना घेतो. अवजाराचा मालक स्वतःच दुरुस्ती करू लागतो, ती इथून. कारखान्याला आपल्या गिऱ्हाइकांशी बोलत राहण्याची गरज होती. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक मुळात या गरजेतून निघाले. तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत गेले.

विहिरीवरची शाळा

लोखंडी नांगराने सुटा भाग शिकवला. यंत्राचे आतले वागणे शिकवले ते विहिरीवरच्या इंजिनाने.

या बाबतीत सातारा-सांगलीचा पट्टा भाग्यवान होता. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी १९२२ साली इंजिनिअरिंगचा कारखाना काढला आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे डिझेल इंजिन तयार झाले. भारतात बनलेल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. किर्लोस्करवाडीत १९२६पासून पाण्याचे पंप होऊ लागले. कराड स्थानकालगत ओगलेवाडीला १९१६पासून काचकारखाना होता. तिथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. १९४६ साली पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. ही सारी ठिकाणे एकाच रेल्वेमार्गावर किंवा त्याच्या आसपास आहेत. शेतकरी घरातली मुले या कारखान्यांत लागली, लेथ आणि ओतकाम शिकली, आणि त्यांतली काही परत येऊन गावोगाव ‘इंजिन फिटर’ झाली.

मोटेची जागा घेणारे हे इंजिन शिकण्यासाठी फार सोयीचे होते. एकच सिलिंडर, मोठे जड चाक, मिनिटाला काहीशे फेरे. चालताना प्रत्येक ठोका कानाला वेगळा ऐकू येतो. ते सुरू करायला बॅटरी लागत नसे. दाब सोडणारी कळ उचलायची, हँडल मारून चाकाला गती द्यायची आणि कळ खाली टाकायची, की इंजिन धरते. हे असे का होते ते समजले की डिझेल इंजिनाचे मर्म समजले. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. डिझेल इंजिनात सिलिंडरमधली हवा दाबून तिचे आकारमान सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्शावर आणले जाते. इतक्या वेगाने दाबलेली हवा पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या क्षणी तीत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबला की पंप गरम लागतो, तोच हा नियम.

रुडॉल्फ डीझेलचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्गला चालले. ते माणसाहून बरेच उंच होते आणि फवारा मारण्यासाठी त्याला दाबलेल्या हवेची वेगळी यंत्रणा लागे. डिझेल इंजिन लहान होऊन गाडीत, ट्रॅक्टरमध्ये बसू लागले ते बॉश कंपनीने १९२७ साली फवाऱ्याचा छोटा पंप बाजारात आणल्यावर. भारतात असे पंप करण्यासाठी १९५१ साली बंगळुरूला ‘मायको’ हा कारखाना निघाला. जुन्या ट्रॅक्टरच्या पंपावर हे नाव आजही वाचायला मिळते.

अनेक देशांचे ट्रॅक्टर, अनेक मापांचे पाने

स्वातंत्र्यानंतरची काही वर्षे आपल्याकडचे ट्रॅक्टर परदेशातून येत. देशात बांधणी सुरू झाली ती १९५९ साली फरिदाबादला, आयशरच्या जर्मन आराखड्यावर. १९६० साली मद्रासला टॅफे कंपनी निघाली आणि ब्रिटनचा मॅसी फर्ग्युसन इथे बनू लागला. त्याला पर्किन्स आराखड्याचे, सिम्प्सन कंपनीचे इंजिन होते. १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून काढलेल्या कंपनीचा बी-२७५ मुंबईच्या कांदिवलीहून येऊ लागला. १९७१ साली एच.एम.टी.ने पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या आराखड्यावर ट्रॅक्टर सुरू केला. १९७४ साली आला ‘स्वराज’. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आखलेला हा देशी ट्रॅक्टर. पुढे १९८५ साली त्याच्या इंजिनांसाठी जी स्वतंत्र कंपनी निघाली, तिच्यात भागीदार होते किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. विहिरीवरच्या इंजिनाशी ओळख असलेल्या फिटरला स्वराजचे इंजिन परके वाटले नाही, यात नवल नाही.

पण इतक्या देशांतून आलेल्या या यंत्रांनी एक अडचणही आणली. ती पाहायची तर मिस्त्रीची पान्यांची पेटी उघडावी लागेल. तिच्यात दोन घराणी नांदत असतात. एक ‘सूत-इंचा’चे, म्हणजे अर्धा, नऊ-सोळांश, पाऊण, दुसरे मिलिमीटरचे, म्हणजे तेरा, चौदा, सतरा, एकोणीस. ब्रिटिश-अमेरिकी वंशाच्या मॅसी आणि बी-२७५ यांना इंची पाने, तर झेटर-एच.एम.टी.ला मिलिमीटरचे. बी-२७५च्या इंजिनाचे नावच बीडी-१४४; यातले १४४ हे इंजिनाचे आकारमान, तेही घन इंचांत. मिलिमीटरच्या जगात ते सुमारे २,३६० घन सेंटिमीटर होते.

ही दोन घराणी पूर्वी आणखी विखुरलेली होती. नटबोल्टाचे आटे सारखे असावेत म्हणून जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली ब्रिटनमध्ये पहिली पद्धत सुचवली. तीत आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्सने ६० अंशांची पद्धत मांडली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या यंत्रांचे नटबोल्ट एकमेकांना बसेनात, आणि त्या अनुभवातून १९४८ साली अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला. भारताने १९५६च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली आणि १९५८पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. दुकानातले शेर आणि वार गेले, पण यंत्रांच्या पोटातला इंच गेला नाही.

हा फरक किती बारीक आणि किती महत्त्वाचा आहे हे वर्गात आकडेमोड करून पाहण्यासारखे आहे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. एकोणीसचा पाना, विशेषतः थोडा वापरलेला, त्यावर बसून जातो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेराचा पाना त्यावर थोडा ढिला बसतो. नड भागते, पण जोर लावला तर कोपरे झिजू लागतात. नऊ-सोळांश इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. चौदाचा पाना त्यावर चढतच नाही आणि पंधराचा फिरून बोल्टाचे डोके गोल करून टाकतो. आट्यांचेही तसेच. तीन-अष्टमांश इंची बारीक आट्याच्या बोल्टाला इंचात २४ आटे, म्हणजे दोन आट्यांतले अंतर १.०६ मिलिमीटर. त्याच्या जवळपासच्या जाडीच्या दहा मिलिमीटरी बोल्टाला हे अंतर सहसा १.५ मिलिमीटर. एकाच्या भोकात दुसरा बळाने पिळला तर भोकातले आटे उडालेच. ‘हा बोल्ट कुठल्या गाडीचा?’ असे मिस्त्री हातात घेऊन विचारतो तेव्हा तो शंभर वर्षांच्या मापनशास्त्राचा प्रश्न विचारत असतो.

अंगणात काय चालते?

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू. तीन कामे पाहिली तरी पुरे.

पहिले काम ‘एअर काढण्या’चे. टाकीतले डिझेल पूर्ण संपून मग भरले, तर ट्रॅक्टर सुरू होत नाही. नळीत हवा शिरलेली असते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पंप ढकलतो, पण त्याचा सारा जोर हवेचा बुडबुडा दाबण्यात जातो आणि नोझल उघडायला लागणारा शंभराहून अधिक वातावरणांचा दाब तयारच होत नाही. मग फिल्टरवरचा छोटा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांविना सलग धार. धार आली की स्क्रू आवळायचा, आणि तेच पुढे पंपापाशी व नोझलच्या नळ्यांपाशी करायचे. हे काम बहुतेक ट्रॅक्टरमालकांना येते. बॅटरी उतरलेली असेल तर ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवण्याची युक्तीही त्याच ज्ञानातली. इंजिन एकदा फिरले की त्याला विजेची गरज नसते.

दुसरे काम क्लच प्लेट बदलण्याचे. यासाठी ट्रॅक्टर मधोमध दुभंगावा लागतो. पाहणाऱ्याला हे भयंकर वाटते. पण ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चौकट नसते. हेन्री फोर्डच्या १९१७ सालच्या फोर्डसन ट्रॅक्टरने चौकट काढून टाकली आणि इंजिन, गिअरपेटी व मागचा आस यांची ओतीव कवचेच एकमेकांना बोल्टांनी जोडून त्यांचा कणा केला. खर्च वाचवण्यासाठी केलेली ही रचना पुढे बहुतेक ट्रॅक्टरांनी उचलली. त्यामुळे मधल्या सांध्याचे बोल्ट काढले की पुढचा भाग आपल्या चाकांवर पुढे ढकलता येतो. मात्र पुढचा आस मध्यावरच्या एका खिळीवर डुलत असतो. म्हणून आधी आसाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकायच्या, नाहीतर इंजिन कलंडेल. दोन्ही अर्ध्यांखाली जॅक आणि ओंडके द्यायचे. नवी प्लेट बसवताना तिचे मधले भोक बरोबर मध्यावर आले पाहिजे. त्यासाठी मिस्त्री जुन्या शाफ्टचा तुकडा किंवा लेथवर कातलेला लाकडी दांडा घालून ठेवतात. भूमितीतले केंद्र शोधण्याचा हा व्यवहार आहे.

तिसरे काम लिफ्टचे. नांगर उचलून धरला असता तो हळूहळू खाली बसू लागतो. पूर्वी ट्रॅक्टर नांगराला नुसता साखळीने ओढत असे. नांगर दगडाला अडकला की चाके फिरत राहत, पुढचा भाग वर उचलला जाई आणि चालक ट्रॅक्टरखाली सापडे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने नांगर तीन बिंदूंवर जोडून तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत काढली. तिचे पेटंट १९२६चे. १९३९ साली फोर्डच्या कारखान्यातून आणि १९४६पासून इंग्लंडच्या कव्हेंट्रीहून या पद्धतीचे ट्रॅक्टर लाखांनी निघाले. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरला मागे तेच तीन हात असतात. लिफ्ट बसू लागली तर दोष बहुधा मोठा नसतो. सिलिंडरमधल्या दट्ट्याची रबरी कडी झिजलेली असते किंवा तेलात कचरा गेलेला असतो. पास्कलचा नियम सांगतो, की बंदिस्त द्रवाचा दाब सर्व दिशांना सारखा पसरतो; आणि फट मिळाली तर तो तिथूनही निसटतो.

काही कामे मात्र अंगणात करूच नयेत. फवारा पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या दोन-चार भागांइतकीच असते, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. त्याला खोलीतली धूळही खपत नाही. तो पंप तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी, वेगळ्या यंत्रावर तपासला जातो. बोअर करणे, क्रँक घासणे ही कामे लेथवाल्याची. नोझलचा फवारा हाताने पाहण्याची चूक तर कधीच करू नये. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमावण्याची पाळी येऊ शकते. घर, लेथ आणि पंपाची खोली अशी ही तीन पायऱ्यांची व्यवस्था आहे. बलुतेदारीची जागा तिने घेतली, आणि तिच्यात जात विचारली जात नाही, हात विचारला जातो. निदान तसे असायला हवे.

पुढे काय?

ही व्यवस्था कायमची आहे का? तसे मानायला आधार नाही. भारतात ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना २०२३च्या जानेवारीपासून धुराचे कडक नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी अशा ट्रॅक्टरांत फवाऱ्याचा दाब हजाराहून अधिक वातावरणांचा असतो आणि तो कधी, किती मारायचा हे संगणक ठरवतो. याचे फायदे खरे आहेत. धूर कमी होतो, आणि जुन्या ट्रॅक्टरचा काळा धूर फुप्फुसांना घातक आहे, हे शिक्षकांनी मुलांपासून लपवू नये. पण बिघाड शोधायला आता कंपनीचा संगणक जोडावा लागतो. अमेरिकेत याच कारणावरून शेतकरी आणि ट्रॅक्टर कंपन्या यांच्यात मोठा झगडा झाला. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा करून शेतकऱ्याला आपले अवजार स्वतः दुरुस्त करण्याचा हक्क दिला. तो २०२४पासून अमलात आला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिने हाती घ्यायच्या क्षेत्रांत शेती अवजारे आहेत.

किर्लोस्करांचा नांगर घ्यायला नाखूष असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न इथे पुन्हा नव्याने उभा राहतो: हे मोडले तर कोण, कुठे आणि कशाने नीट करणार? त्या वेळी कारखानदाराला त्याचे उत्तर द्यावे लागले, म्हणून नांगर खपला. आजच्या कारखानदारांनीही ते द्यायला हवे. सुटे भाग, बिघाड दाखवणारी साधने आणि मराठीत लिहिलेली दुरुस्तीची पुस्तिका शेतकऱ्याला मिळाली, तर स्वच्छ इंजिन आणि अंगणातली दुरुस्ती यांत वैर राहण्याचे कारण नाही.

दुसरी जबाबदारी आपली, शिक्षकांची आहे. कराडला १९६० सालापासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या फळ्यावर जे नियम लिहिले जातात तेच चार-सहा मैलांवरच्या वस्तीत हातांनी पाळले जातात. पण या दोन ठिकाणांची गाठ क्वचितच पडते. वस्तीवरची विद्या लिहिलेली नाही. एक पिढी शहरात गेली की ती संपते.

म्हणून एक छोटा प्रकल्प सुचवतो. नववी-दहावीच्या मुलांना गावातला सर्वांत जुना चालू ट्रॅक्टर शोधायला सांगावे. तो कोणत्या साली, कोठे बनला, त्याचे कोणते भाग बदलले आणि ते कोणी बदलले, याची नोंद करावी. मिस्त्रीकाकांच्या पेटीतले पाने मोजावेत, इंची किती आणि मिलिमीटरचे किती. त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, आणि प्रत्येक शब्दापुढे त्यामागचा विज्ञानाचा नियम पुस्तकातून शोधून लिहावा. शक्य झाले तर मिस्त्रीकाकांना एक तास वर्गावर बोलवावे आणि आपण मुलांबरोबर बाकावर बसावे.